मदरबोर्ड बदलला की विंडोजचं काय होतं? लायसन घ्यायच्या आधी एवढं बघा

आमच्या वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात कॉम्प्युटर मरतो तो बहुतेक वेळा मदरबोर्डामुळेच, म्हणजे ज्याला सगळे भाग जोडलेले असतात त्या मुख्य सर्किटमुळे. खारी हवा, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल, त्यात लाईट जायची-यायची आणि वीज कडाडली की कुणाचा तरी लॅन पोर्ट जळालाच समजा. मी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे पाऊस सरला की हिरवे पडलेले बोर्ड टेबलावर येतच असतात. बोर्ड बदलता येतो, त्यात काय मोठं नाही, पण त्यानंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' दिसायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं की विंडोज तर मी ओरिजिनल घेतलेली, बिल पण आहे, मग आता परत पैसे कसले. हा प्रश्न खरेदीच्या दिवशी विचारायला हवा होता, म्हणून हे लिहितोय.

लॅपटॉपबरोबर जी विंडोज येते ती ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधीच टाकलेली. स्वस्त पडते कारण ती त्याच मशीनला बांधलेली असते आणि मशीन म्हणजे इथे मदरबोर्ड. विंडोज 8 आल्यापासून ब्रँडेड मशीनमध्ये लायसनचा नंबर, म्हणजे 'की', स्टिकरवर छापत नाहीत, ती बोर्डावरच्या चिपमध्ये, बायोसमध्येच असते. वॉरंटीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर लायसनचं ते लोक बघतात. पण वॉरंटी संपल्यावर बाहेरून दुसराच बोर्ड टाकला तर ती की जुन्या बोर्डाबरोबर गेली. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं लायसन महाग असतं, पण ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. म्हणून माझं मत असं, की लॅपटॉप घेणार असाल तर बरोबर आलेली ओईएम घ्या आणि विषय सोडून द्या, पण दुकानासाठी असेंबल केलेला डेस्कटॉप घेताय आणि दुकान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, तर रिटेलचे जास्तीचे पैसे द्या, कारण ह्या हवेत तो बोर्ड कधीतरी बदलावा लागणारच आहे.

आता तुमच्याकडे आहे ती कुठली, हे बघायला कुणाकडे जायची गरज नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी विंडो उघडा, त्यात एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश डीएलआय (slmgr /dli) लिहा आणि एंटर मारा. छोटी चौकट येईल, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम ह्यातलं एक दिसेल. घरच्या किंवा दुकानाच्या पीसीवर व्हॉल्यूम दिसलं तर सावध व्हा. व्हॉल्यूम लायसन मोठ्या कंपन्या, कॉलेजं ह्यांच्यासाठी असतं, त्यात केएमएस नावाचा प्रकार आहे, तो संस्थेच्या सर्व्हरला 180 दिवसांच्या आत परत विचारतो आणि सर्व्हर सापडला नाही की ॲक्टिव्हेशन जातं. तुमच्या मसाल्याच्या दुकानात तो सर्व्हर कुठून येणार?

ऑनलाईन दोन-तीनशे रुपयाला की मिळतात त्यात असलाच माल बराच असतो. "तीनशे रुपयांत की गावता मरे, तू इतके कित्याक सांगतंस?" हे मी कायम ऐकतो. गावता, म्हणजे मिळते, खरं आहे, आणि चालते पण. मग एखाद्या संस्थेची की शेकडो लोकांना विकलेली आहे हे लक्षात आलं की ती ब्लॉक होते आणि विकणाऱ्याचा पत्ता नसतो. की चालली म्हणजे लायसन मिळालं असं होत नाही, हक्क दाखवायला बिल लागतं. धंद्यात वापरणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच, कॉपीराईट कायदा 1957 च्या कलम 63ब प्रमाणे जाणूनबुजून बेकायदा कॉपी वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड लिहिलेला आहे. शिवाय जीएसटी नंबर देऊन बिल घेतलं तर भरलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट तरी मिळतं, ते तीनशेच्या कीवर कोण देणार.

विंडोज होम घ्यायची का प्रो? बहुतेकांना होम पुरते. काजू फॅक्टरीत दोन-तीन पीसी आणि एक प्रिंटर शेअर करायचा असेल तरी होमवर होतं. पण मालक मुंबईला राहतो आणि त्याला विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने इथला पीसी उघडायचा आहे, तर इथल्या पीसीवर प्रो लागते, होम ते करू देत नाही. आधी होम घेऊन नंतर प्रो करता येते, त्यामुळे उगाच घाबरून महागडी घेऊ नका. आणि एक, काही स्वस्त लॅपटॉपमध्ये विंडोज 'एस मोड'मध्ये येते, त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चढतात, हिशोबाचं टॅली चढत नाही आणि लोक लॅपटॉप खराब आहे म्हणून परत न्यायला निघतात. एस मोड फुकटात बंद करता येतो, फक्त परत चालू करता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलचं, सगळ्यात जास्त घोळाचं. लॅपटॉपवर 'लाईफटाईम ऑफिस फ्री' लिहिलेलं असतं, ऑफिस 2021 च्या वेळी ते बहुतेक होम अँड स्टुडंट असायचं. त्यातलं लाईफ म्हणजे त्या लॅपटॉपचं, तुमचं नव्हे. अपडेट तर त्याच्याही आधी थांबतात, ऑफिस 2021 चा सपोर्ट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहे. होम अँड स्टुडंट 2021 मध्ये आउटलुक नाही आणि त्याचं लायसन धंद्यासाठी नाही, होमस्टेची बिलं काढायला होम अँड बिझनेस लागतं, हे विकताना सहसा कुणी सांगत नाही. वर्षाचे पैसे भरायचे ते मायक्रोसॉफ्ट 365. आपल्याकडे कलमं कराराने घेतात तसंच ते, करार असेपर्यंत आंबा तुमचा, झाडं नाहीत. त्याला महिन्याभरात एकदा तरी नेट लागतं, नाहीतर फाईल वाचता येते पण बदलता येत नाही. जुलैत ज्या वाडीत टॉवर चार-चार दिवस बंद असतो तिथे हे आधीच डोक्यात असू द्या.

ह्याहून महत्त्वाचं म्हणजे मेल आयडी. नव्या लॅपटॉपचं ऑफिस ज्या अकाउंटने ॲक्टिव्हेट केलं त्याच्याशी जोडलं जातं. कितीतरी दुकानांत गिऱ्हाईक घाईत असतं म्हणून दुकानदारच एक मेल आयडी बनवतो, काहीतरी पासवर्ड टाकतो आणि विषय संपला. वर्षाने लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ आली की ऑफिस त्या मेलने साइन इन मागतं आणि तो मेल कुणालाच ठाऊक नसतो. परवा एक वहिनी आल्या, शिक्षिका आहेत, पैसे भरलेलं ऑफिस त्यांच्याच लॅपटॉपवर त्यांना उघडता येईना. मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या दिवशी पाच मिनिटं दिली असती तर हे झालंच नसतं.

टॅलीतही मेलचं तेच. मशीन मेलं आणि लायसन आधी सरेंडर केलेलं, म्हणजे त्या मशीनवरून सोडवलेलं नसलं तर ते सोडवायला नोंदवलेलाच मेल आयडी लागतो, म्हणून तो मालकाचा असावा, टॅली टाकून देणाऱ्या पोराचा नको. सिल्व्हर म्हणजे एका पीसीसाठी, गोल्ड म्हणजे लॅनच्या वायरने एकमेकांना जोडलेल्या कितीही पीसींसाठी. एकच जण एंट्र्या मारत असेल तर सिल्व्हर बास. टीएसएस, म्हणजे टॅलीची अपडेटची वर्गणी, संपला की टॅली बंद पडते असं सांगून घाबरवतात, ते खोटं आहे, कायमचं लायसन असेल तर टॅली चालते, फक्त नवीन व्हर्जन आणि ऑनलाईनच्या सोयी मिळत नाहीत. जीएसटीचे बदल येत राहतात म्हणून मी रिन्यू करा असंच सांगतो, पण खरं कारण सांगून. पोरांना शिकायला एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात 1, 2 आणि 31 तारखेच्याच एंट्र्या होतात.

आणि नुसते अर्ज, पत्रं, साधे हिशोब एवढंच काम असेल तर लिबरऑफिस घ्या, ते ऑफिससारखंच सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, धंद्यात वापरलं तरी चालतं, कितीही मशीनवर टाका. लांबून दुसरा पीसी उघडायच्या टीमव्ह्यूअरचं फुकट मात्र वैयक्तिक वापरापुरतंच, धंद्यात वापरतोय असा संशय आला की ते कनेक्शन तोडतं. लिबरऑफिसमध्ये एक अडचण येते, सीएकडून आलेली मॅक्रोवाली (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम आत असलेली) एक्सेल शीट नीट चालत नाही, म्हणून आधी तुमच्या सीएची एखादी शीट उघडून बघा आणि मगच ठरवा.

नवीन बॉक्स घेतलात आणि आत सीडी नाही, नुसतं कार्ड आहे, तर फसवलं समजू नका, हल्ली की कार्डच येतं आणि सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं. कार्डाचा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागद आपल्याकडे ओलीने टिकत नाहीत. आणि ॲक्टिव्हेट करायला दुकानात जाताना स्वतःचा मोबाईल न्या, ओटीपी त्यावर येऊ दे.