भिंतीवरची मूल्यं

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. ख्रिस्ती प्राथमिक शाळा, त्यामुळे दारातच मोठा फलक: प्रेम, क्षमा, सेवा, सचोटी. खरं सांगू, असले फलक मी वाचतच नाही. आमच्या ऑफिसातही एक आहे, सगळ्यात जास्त कुरघोड्या त्याच्याच खाली चालतात.

सभेत मुख्याध्यापिका शाळेच्या ध्येयाबद्दल बोलल्या. येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट, लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातली. 100 मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ 99 मागे ठेवून त्याला शोधायला जातो. "आमचा वर्ग त्या एकासाठी थांबतो," म्हणाल्या. मागून एक बाबा लगेच, "आणि 99 जणांचा सिलॅबस?" हशा पिकला. प्रश्न माझ्याही मनात होताच. बाईंनी उत्तर दिलं, पण माझं काही फारसं समाधान झालं नाही.

निघताना पहिलीच्या वर्गात डोकावले. एका पोराने शेजारच्याचा रंगीत खडू मोडला होता. वर्गशिक्षिका दोघांच्या मध्ये फरशीवर फतकल मारून बसलेल्या. "सॉरी म्हण" वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "आता याचं आभाळ कसं रंगवायचं?" मोडणाऱ्याने बराच वेळ नाक ओढलं. मग आपल्या पेटीतला निळा खडू काढला, त्याचेही दोन तुकडे केले आणि त्यातला छोटा देऊन टाकला. छोटाच, हं!

घरी येताना लेकीला विचारलं, "क्षमा म्हणजे काय गं?"

म्हणाली, "ते सोमवारी असतं."