ब्रँडेड की असेंबल्ड: सोलापुरात घरचा डेस्कटॉप घेतानाचा माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या घरचा जुना डेस्कटॉप बदलणं भाग पडलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, त्यात मागाहून बसवलेली एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची वेगवान डिस्क. चालत होता, पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ते त्यात नव्हतं. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. ज्यांचं काम पत्रं टाइप करणं आणि व्हिडिओ बघणं एवढंच आहे, त्यांनी तेवढे दिवस खुशाल काढावेत. आमच्याकडे तसं नव्हतं. बायको युनिफॉर्म शिवणाऱ्या काही कारखानदारांचे हिशेब घरूनच बघते. दिवसभर टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल उघडं. मुलगी अकरावी सायन्सला, तिचे ऑनलाइन क्लास आणि सीईटीचे सराव पेपर. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आली असताना मशीन बंद पडलं तर दुसऱ्याचं नुकसान होतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

लॅपटॉप घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. रोज सहा-सात तास बसून आकडे भरायचे तर मोठा स्क्रीन आणि बाजूला नंबर पॅड असलेला नीट कीबोर्डच हवा. प्रश्न एवढाच उरला: कंपनीचा तयार घ्यायचा की सुटे भाग घेऊन जोडून घ्यायचा?

सल्ले भरपूर मिळाले. ऑफिसमधले म्हणाले, "ब्रँडेडच घ्या, कटकट नाही." भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, "मामा, त्याच पैशात असेंबल्डमध्ये दीडपट मशीन येतं." दोघांचंही म्हणणं कागदावर मांडून बघायचं मी ठरवलं आणि नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंतच्या दुकानांतून कोटेशनं गोळा केली.

पहिल्यांदा पैशाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. ब्रँडेड टॉवरचं कोटेशन मॉनिटर सोडून ५६ हजारांचं होतं. आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कीबोर्ड-माऊस, विंडोज ११ आणि ऑफिस आधीच टाकलेलं, एक वर्षाची ऑनसाइट (माणूस घरी येऊन दुरुस्त करणार अशी) वॉरंटी. असेंबल्डचं कोटेशन ३५ हजारांचं होतं: आय५ १२४००, एच६१० चा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (जास्त वेगाची) एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग), कीबोर्ड-माऊस. फरक २१ हजारांचा आणि रॅम दुप्पट. भाच्याचं म्हणणं अगदी खरं वाटावं असाच आकडा.

पण त्या ३५ हजारांत विंडोज नव्हतं. दुकानदार सहज म्हणाला, "विंडोज टाकून देतो की ओ सर, त्याचे काय पैसे घ्यायचे." हे असं फुकट टाकलेलं विंडोज म्हणजे चोरीचं विंडोज. आमच्या मशीनवर दुसऱ्यांच्या धंद्याचे हिशेब, बँकेचे लॉगिन, लोकांचे पॅन नंबर असतात. लॉक तोडणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रामच्या भरवशावर हे सगळं ठेवायला मी तयार नव्हतो. पक्क्या लायसन्सचे नऊ हजार धरले. बायकोला एक्सेल लागतंच, म्हणून ऑफिसचेही पैसे धरले. एवढं मिळवल्यावर दोन्ही बाजू जवळजवळ समान झाल्या. सगळं रीतसर घ्यायचं असेल तर 'असेंबल्ड स्वस्त पडतं' हे घरगुती मशीनच्या बाबतीत फारसं टिकत नाही. ग्राफिक्स कार्डवालं गेमिंग मशीन हवं असेल तर हिशेब वेगळा.

म्हणजे पैशावर निर्णय होईना. मग मी दुसरा प्रश्न धरला: हे मशीन मे महिन्यात बंद पडलं, तर सोलापुरात ते कोण आणि किती वेळात चालू करून देईल?

सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, दुपारी बंद खोलीतही ३७-३८ अंश असतात. मशीनचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे आतलं तापमान नेहमी खोलीच्या वरच राहणार. पुण्यात जो प्रोसेसर भर कामात ६५ अंशांवर चालतो, तो इथे मेमध्ये सहज ७५ च्या पुढे जातो. प्रोसेसरला त्याने काही होत नाही, तो शंभराच्या आसपास गेल्यावर आपोआप मंदावतो. खरा मार बसतो एसएमपीएसला. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारे छोटे भाग, उष्णतेने वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. त्यात आपली धूळ, आणि वारा-पाऊस सुरू झाला की जाणारी-येणारी लाईट.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांकडे एका मोठ्या कंपनीचा स्लिम डेस्कटॉप आहे. वॉरंटी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचा एसएमपीएस गेला. मी तो उघडलेला स्वतः पाहिला. एसएमपीएस लांबट, अरुंद आकाराचा, बाजारातला नेहमीचा चौकोनी त्या जागेत शिरणारच नाही. बोर्डवरचं कनेक्शनही वेगळं: नेहमी २४ पिनांचा चपटा प्लग असतो, इथे सहा पिनांचा छोटा. म्हणजे दुसरा एसएमपीएस बाहेर ठेवून तात्पुरतं चालवू म्हटलं तरी जमत नाही. मूळचा भाग मागवून येईपर्यंत महिना गेला. त्या एसएमपीएसमध्ये माल वाईट नव्हता, उलट अशा मशीनमधले एसएमपीएस बहुतेक चांगल्या दर्जाचे असतात आणि वीजही कमी खातात. अडचण एवढीच की त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा चालत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या ऑफिस मॉडेलमध्ये बोर्ड आणि कॅबिनेटचंही असंच असतं.

असेंबल्डमध्ये हेच सगळं ठरलेल्या मापाचं असतं. एटीएक्स (हे त्या ठरलेल्या मापाचं नाव) एसएमपीएस गेला तर नवी पेठेत जाऊन संध्याकाळच्या आत दुसरा लावता येतो. रॅम, एसएसडी, पंखा यांचंही तसंच. माझा कौल इथेच असेंबल्डकडे झुकला.

पण असेंबल्ड म्हणजे भागांची निवड, आणि ती दुकानदारावर सोडली तर पैसे नेमके जिथे दिसत नाहीत तिथे वाचवले जातात. बहुतेक कोटेशनांवर प्रोसेसरचं नाव ठळक आणि खाली नुसतं 'मदरबोर्ड', 'एसएमपीएस ४५० वॅट' असं लिहिलेलं होतं. एका दुकानात मी दोन एसएमपीएस काउंटरवर मागवून घेतले. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. एक उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, दुसरा चांगला जड. मग दोन्ही आडवे करून बाजूचं लेबल वाचलं. आजच्या मशीनमध्ये जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टच्या लाईनवर असतो, म्हणून तिथला अँपिअरचा आकडा बघायचा. हलक्यावर १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. जडावर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट, शिवाय वीज कमी वाया जाते हे सांगणारं ८० प्लस ब्राँझचं चिन्ह आणि पाच वर्षांची वॉरंटी. किमतीत फरक दोन हजारांच्या आसपास. आमच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही, ते भर कामातही दीडशे वॅटच्या फार पुढे जाणार नाही; तरी मी जडच घेतला. ३८ अंशांच्या खोलीत थोड्या भारावर चालणारा चांगला एसएमपीएस ही माझ्या मते सोलापूरकराने कधीच काटकसर करू नये अशी गोष्ट आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत दोन बारकावे आहेत. नावापुढे 'एफ' असेल, म्हणजे १२४००एफ, तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसतात. वेगळं कार्ड घेतलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. तो थोडा स्वस्त असतो म्हणून कोटेशनमध्ये हळूच येतो. दुसरं, डब्यातला प्रोसेसर घ्यावा. ट्रेमधून सुटा आलेला स्वस्त मिळतो, पण त्याला इंटेलची थेट वॉरंटी आणि पंखा दोन्ही नसतात. डब्यातल्याला तीन वर्षं मिळतात.

कॅबिनेट निवडताना मुलीला पुढून काचेचा, रंगीत दिव्यांचा हवा होता. मी जाळीचा, आत धूळगाळणी असलेला घेतला, पुढे हवा आत घेणारा पंखा आणि मागे बाहेर टाकणारा. गाळणी ओढून काढता येते आणि झटकून परत बसवता येते. आता ते काम तीच दर रविवारी करते.

दुकान निवडताना मी मागची दुरुस्तीची खोली बघत होतो. ज्या दुकानात टेबलावर उघडी मशीनं, तपासणीसाठी बाजूला काढलेले जादा एसएमपीएस आणि रॅमच्या पट्ट्या दिसल्या, तिथेच घेतलं. कारण असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. काय बिघडलंय ते आधी कुणीतरी शोधावं लागतं, आणि ते शोधायला बदलून बघायचे भाग लागतात. मालक गिऱ्हाइकाशी मराठीत आणि आतल्या कारागिराशी कानडीत बोलत होते. मी सगळ्या भागांचे मॉडेल आणि सिरियल नंबर जीएसटीच्या पक्क्या बिलावर मागितले, तर त्यांनी कुरकूर न करता सगळे लिहून दिले. ज्यांनी "बिल कशाला, अठरा टक्के वाचतील की" म्हटलं, त्यांच्याकडून मी उठलो होतो. कच्च्या चिठ्ठीवर तीन वर्षांनी कोण विचारणार?

जोडणी समोर बसून बघितली. कारागीर विशीतला पोरगा, पण हात सावध. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला, वरून सोडला, जराही दाबला नाही, मग पट्टी लावून खटका खाली घेतला. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या दोन्ही खाचांत घातल्या. ब्रँडेडमध्ये बहुतेक वेळा एकच पट्टी येते. दोन असल्या की रॅमची वाट रुंद होते आणि अंगचे ग्राफिक्स असलेल्या मशीनला त्याचा फायदा चांगला जाणवतो. चालू झाल्यावर मी त्याला बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॅटवर बांधायला सांगितलं. हा प्रोसेसर मोकळा सोडला तर जोर लावताना ११७ वॅटपर्यंत जातो. टॅलीला त्या जोराची गरज नाही आणि खोलीला त्या उष्णतेची नाही.

घरी आणल्यावर एक काम उरलं होतं, ते ब्रँडेड घेतलं असतं तरी करावंच लागलं असतं. जुन्या मशीनच्या कॅबिनेटला अनवाणी पायाने हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. अर्थिंग नीट नसलं की असं होतं: एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून बघितलं, बोर्डातली अर्थिंगची वायर सैल होती आणि खालचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांनी कोरडाठाक पडलेला. वायर घट्ट केली, खड्ड्यात मीठ-कोळसा घातला. आता नळाला पाणी येतं त्या दिवशी एक बादली तिथेही जाते. झिणझिण्या गेल्या. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॅटचा. मशीन चालू ठेवून भिंतीतली पिन काढली आणि मॉनिटरसकट सगळं तसंच चालू राहिलं, हे बघूनच टॅलीचा डेटा नव्या मशीनवर टाकला.

२०२५ च्या हिवाळ्यात रॅमचे भाव झपाट्याने वर गेले, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळू लागली. आम्ही घेतली तेव्हाचा भाव आता नाही. आज कुणी कोटेशन घेत असेल तर माझे आकडे धरू नका. रॅम आणि एसएसडीचे दर त्याच दिवशी विचारून घ्या, आणि ब्रँडेडशी तुलना नव्याने करा. कंपन्यांनी जुन्या भावाच्या रॅमवर बांधलेली मशीनं दुकानात शिल्लक असतील, तर तीही स्वस्त पडू शकतात.

त्यानंतर बार्शीच्या ताईने विचारलं, तेव्हा मी तिला ब्रँडेडच घ्यायला सांगितलं. दाजी आणि ती दोघंच घरी, मशीन उघडायला कुणी नाही, बिघडलं की उचलून दुकानात नेणं होत नाही. तिथे घरी येणारा माणूसच महत्त्वाचा. मात्र घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून बार्शीच्या पिनकोडला ऑनसाइट सेवा खरंच आहे का हे विचारून घेतलं, कारण 'ऑनसाइट' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक गावाला माणूस येतोच असं नाही. पहिल्या वर्षाची वॉरंटी जादा पैसे भरून तीन वर्षांची केली, आणि आकाराने स्लिम नव्हे तर पूर्ण टॉवर घेतला. तीन वर्षांनंतर एसएमपीएस गेलाच, तर त्या मॉडेलला बाजारातला नेहमीचा बसतो हे झाकण उघडून बघूनच पैसे दिले.