महिन्याचे आठ हजार

2024 च्या जुलैचा शेवटचा आठवडा. 31 तारखेच्या आत रिटर्न भरायचे म्हणून नागपुरात सीताबर्डीतल्या माझ्या टॅक्स सल्ल्याच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि खाली झेरॉक्सच्या दुकानापुढे लाडकी बहीण योजनेच्या फॉर्मसाठी बायकांची रांग. त्या रांगेतूनच एक मावशी जिना चढून वर आल्या.

हिंगण्याकडच्या एका कॅन्टीनला त्या पोळी-भाजी पुरवायच्या. महिन्याचं बिल 40 हजार, हातात येत 32.

"भाऊ, ठेकेदार म्हणते टॅक्स कटून रायला. पण माही कमाई तं टॅक्सवाली नाही ना जी?"

26एएस, म्हणजे पॅनवर कापल्या गेलेल्या कराचा उतारा, उघडलं. मावशींच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून दोन्ही जोडले गेले नव्हते आणि 1 जुलै 2023 पासून पॅन निष्क्रिय झालेलं. एरवी अशा कामावर 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा कर, कापतात. पॅन निष्क्रिय झालं की 20 टक्के. जुलै ते मार्च, नऊ महिने, 72 हजार रुपये. किराणा, सिलेंडर आणि मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी वजा केली तर त्यांच्या हाती महिन्याला बारा-तेरा हजार उरायचे. त्यातले आठ हजार गेले होते.

मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सारखा करत राहिल्या.

शेजारच्या खुर्चीवरचे एक पगारदार गृहस्थ मात्र बोलले. "आमचा टॅक्स पगारातूनच जातो, अन् हे दीड-दीड हजार वाटतात ते आमच्याच खिशातून."

त्यांचं दुखणं मला खोटं वाटत नाही. पगारातला रुपया लपत नाही. पण "टॅक्स फक्त आम्ही भरतो" हे मला त्या दिवशी ऐकवलं नाही. मी त्यांना म्हटलं, या मावशी व्यावसायिक सिलेंडर वापरतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. तेलावर 5. त्यांची उलाढाल लहान, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे त्यातला एक पैसा त्यांना परत मिळत नाही. दीड हजार मिळायचे तेव्हा मिळतील, आठ हजार वर्षभर जात होते. गृहस्थ गप्प झाले. मग त्यांनी मावशींना पाण्याचा ग्लास दिला.

त्याच सकाळी मी उमरेड रोडकडच्या एका शेतजमिनीच्या विक्रीची फाइल संपवली होती. किंमत 1 कोटी 40 लाख. महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन, म्हणून कायद्यानं ती भांडवली मालमत्ताच नाही, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर कर लागावा अशी मालमत्ता नाही. कर शून्य, टीडीएसही नाही. सातबारा आणि अंतराचा दाखला पाहिला, वीस मिनिटांत काम झालं. विकणाऱ्यानं काहीही चुकीचं केलं नव्हतं, आणि मावशींनीही नाही. दोन्ही फाइली एकाच टेबलावर होत्या आणि मला दुपारचा डबा गेला नाही.

कापलेले पैसे परत मिळवायचे तर रिटर्न भरावं लागणार होतं. मावशींना मात्र वेगळीच भीती होती. "रिटर्न भरलं तं लाडक्या बहिणीचा फॉर्म कटणार नाही ना? थे म्हणतेत, घरात कोणी टॅक्स भरत असन तं नाही भेटत." त्या भीतीनं 72 हजार सोडायला तयार होत्या त्या. नुसतं रिटर्न भरल्यानं कोणी करदाता होत नाही, कर शून्यच येतो, हे समजावण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नाव दुरुस्तीचा अर्ज केला. रिटर्न मुदतीत भरलं. नाव दुरुस्त होऊन आल्यावर आधार जोडायची फी 1,000 रुपये, ती आधी भरायची. "हे कशाचे?" त्यांनी विचारलं. उशिराचे, मी म्हणालो. त्यांनी पिशवीतल्या रुमालाची गाठ सोडून शंभराच्या दहा नोटा मोजल्या.

रिफंड नोव्हेंबरात आला. पॅन निष्क्रिय होतं त्या काळाचं व्याज नियमानं मिळत नाही. मावशी पेढे घेऊन आल्या आणि बचत गटाची वही दाखवली. पैसे तुटायला लागले तेव्हा, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, 30 हजारांचं कर्ज घेतलं होतं. शेकडा दोन रुपयांनी महिन्याला 600, तेरा महिने. 7,800 रुपये.