वाफसा नसलेला शनिवार

फुटबॉल सामन्याच्या पंचांनी मला विचारलेला प्रश्न साधा होता आणि मी दिलेले उत्तर खोटे नव्हते. तरीही ९ मार्च २०२४ ची ती सकाळ माझ्या मनातून जात नाही, म्हणून ती आता लिहून काढतो आहे.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. कृषी पदवी घेऊन पुढे शिकण्यासाठी इंग्लंडला आलो आणि गेली काही वर्षे लंडनच्या ईशान्येला, एसेक्समधील एका लहान फुटबॉल क्लबचा ग्राउंड्समन, म्हणजे मैदानाची निगा राखणारा, म्हणून काम करतो आहे. इथल्या फुटबॉलच्या उतरंडीत वरचे चार व्यावसायिक विभाग सोडले की खाली ‘नॉन-लीग’ नावाचे एक मोठे जग सुरू होते. त्याच्याही पायऱ्या आहेत. आमचा क्लब पाचव्या पायरीवर, म्हणजे वरून मोजले तर नवव्या स्तरावर खेळतो. खेळाडूंमध्ये नळकाम करणारे, शिक्षक आणि गोदामात रात्रपाळी करणारे लोक आहेत. प्रेक्षक सहसा दोनशेच्या आसपास असतात आणि तिकिटाच्या पैशांइतकाच आधार क्लबला चहाच्या खिडकीचा आणि बारचा असतो. घरचा एक सामना रद्द झाला की त्या आठवड्याचे उत्पन्न बुडते, खर्च मात्र थांबत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने पाहत मी मोठा झालो, त्यामुळे एखाद्या वस्तीचा जीव आपल्या संघात कसा अडकलेला असतो, हे मला इथे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

त्या हंगामात आमचा खरा प्रतिस्पर्धी पाऊस होता. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले अठरा महिने ठरले. जानेवारीच्या सुरुवातीच्या ‘हेंक’ वादळानंतर आमच्या मैदानाला सलग चार कोरडे दिवस मिळाल्याचे मला आठवत नाही. डिसेंबरपासून घरचे आठ सामने पुढे ढकलावे लागले होते. ९ मार्च उजाडला तेव्हा ३८ पैकी आमचे फक्त २५ सामने झाले होते आणि उरलेले तेरा एप्रिलअखेर, सात आठवड्यांत उरकायचे होते. गुणतक्त्यात आम्ही पाचवे होतो. पहिला संघ थेट वर जातो आणि दुसरा ते पाचवा यांच्यात बढतीसाठी प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने होते, त्यामुळे आम्ही अगदी काठावर उभे होतो. वेळापत्रक आखणाऱ्या मंडळींना दर आठवड्याला तीन सामन्यांची जागा कागदावर सहज सापडते, कारण कागदाखाली माती नसते. त्यांच्याविषयीचा हा माझा राग जुना आहे आणि तो कमी व्हावा असे त्यांच्याकडून अजून काही घडलेले नाही.

आमच्या मैदानाखाली लंडन क्ले नावाची चिकणमाती आहे. या मातीत आणि माझ्या गावच्या काळ्या रानात नाते आहे. दोन्हींत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज असते, म्हणून दोन्ही पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्या की भेगाळतात. २०२२ च्या उन्हाळ्यात या देशात तापमान पहिल्यांदा ४० अंशांच्या वर गेले, तेव्हा मधल्या वर्तुळाजवळच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला होता आणि क्षणभर मला गावच्या मे महिन्यातल्या रानात उभे असल्यासारखे वाटले होते. फरक आहे तो सूर्याचा. आपल्याकडे मोठा पाऊस पडून गेला तरी दोन-तीन दिवसांचे ऊन आणि वारा जमीन परत ताब्यात देतात. इथे हिवाळ्यात सूर्य छपराच्या उंचीवरून तिरका निघून जातो, जमिनीचे तापमान सहा अंशांखाली गेले की गवताची वाढ जवळपास थांबते, आणि दिवसाकाठी एक मिलिमीटरसुद्धा पाणी हवेत जात नाही. जे पडले ते फक्त खालीच जाऊ शकते, आणि खाली चिकणमाती आहे.

शुक्रवारच्या रात्री चौदा मिलिमीटर पाऊस पडला. आमचे मैदान साधारण सात हजार चौरस मीटरचे आहे. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सात हजार लिटर पाणी. चौदा मिलिमीटरचे अठ्ठ्याण्णव हजार लिटर होतात. गावच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे जवळपास दहा टँकर रात्रीतून मैदानावर रिकामे झाले होते.

सकाळी साडेसहाला मी मैदानावर पोहोचलो. पश्चिमेचा अर्धा भाग उंचावर आहे आणि तो ठीक होता. पूर्वेकडे, रस्त्याच्या बाजूचे गोलक्षेत्र आणि तिथपासून मध्यरेषेपर्यंतचा पट्टा पाण्याखाली होता. त्या पट्ट्याखालच्या जुन्या निचऱ्याच्या नळ्या बहुधा गाळाने बुजल्या आहेत. त्या उकरण्यासाठी मी तीन वर्षे निधी मागतो आहे. आठ वाजेपर्यंत सोळा-सतरा स्वयंसेवक जमले. त्यांच्या निष्ठेविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु त्यांच्या हातातल्या झाडूंची मला भीती वाटते. ओल्या चिकणमातीवर झाडू फिरवला की पाणी सरकलेले दिसते आणि मागे पृष्ठभाग सारवलेल्या जमिनीसारखा लिंपला जातो. त्यातून पुढचे पाणी खाली उतरतच नाही. मी झाडू बाजूला ठेवायला लावले. स्पंजच्या रोलरने वरचे पाणी टिपून बादल्यांनी कुंपणाबाहेर टाकायचे, आणि ते संपल्यावरच फोर्क, म्हणजे माती टोचायचा दातेरी काटा, घ्यायचा, असे ठरवून दिले. फोर्क सरळ उभा खुपसायचा, दांडा किंचितच मागे ओढायचा, जिथून आलो त्याच पावलांवरून मागे सरकायचे आणि फोर्क मारलेल्या जागेवर पुन्हा पाय द्यायचा नाही. आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर त्यांनी बस चालवली. त्यांच्या फोर्कची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ येते. ट्रॅक्टरमागे जोडायचे खोल छिद्रे पाडणारे यंत्र शेडमध्ये उभे होते. त्या दिवशी ट्रॅक्टर आत नेला असता तर चाकोऱ्या वर्षभर दिसल्या असत्या.

अकरा वाजता वर पाणी राहिले नव्हते. गवत हिरवे दिसत होते, मी आखलेल्या रेषा शुभ्र दिसत होत्या आणि लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी पूर्वेच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसलो, चाकूने दहा सेंटिमीटर खोलीवरची माती काढली आणि तिचा लाडू वळला.

ही परीक्षा मला गावी आमचे रान कसणाऱ्या अप्पांनी शिकवली. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. खाली पडून फुटला तर रान वाफशावर आहे. नाही फुटला तर अवजारे उचलून घरी जायचे. वाफसा म्हणजे कोरडेपणा नव्हे. जादाचे पाणी निघून गेलेले असते, मातीच्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही असतात आणि पाय पडला तरी मातीची घडण मोडत नाही, अशी ती अवस्था असते. इंग्रजीत हे सांगायला मला एक पूर्ण वाक्य लागते. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या रानातले पाणी ओसरले तेव्हा शेजारी कामाला लागले होते, पण अप्पा बांधावर बसून राहिले. मी फोनवर घाई केली तेव्हा ते म्हणाले होते, “वाफसा नसताना रानात पाय घातलास तर ते रान पुढच्या साली तुला ओळख दाखवत नाही.”

माझा लाडू जमिनीवर पडला आणि तसाच राहिला. अंगठ्याने दाबला तर त्यातून पाणी आले.

साडेबाराला सामन्याचे पंच आले. इथे यजमान क्लब स्वतःहून सामना रद्द करू शकत नाही. पंच मैदानावर पोहोचल्यावर निर्णय सर्वस्वी त्यांचा असतो. ते तरुण आणि प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी रीतीप्रमाणे चेंडू हातभर उंचीवरून टाकला, तो उसळला. जमिनीवरून ढकलला, तो न अडखळता घरंगळला. रेषा दिसतात का, पाय घसरतो का, हे त्यांनी पाहिले. ही सगळी तपासणी खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी असते आणि तेच योग्य आहे. परंतु चेंडू जे सांगतो ते वरच्या दोन सेंटिमीटरांचे असते. मग त्यांनी मला विचारले, “पाणी पुन्हा वर येईल असे तुम्हाला वाटते का?”

मी म्हणालो, “पाऊस आला नाही तर येणार नाही.”

पाऊस येणार नव्हता. त्यांनी एवढेच विचारले होते. मैदान आज खेळवले तर पुढचे सात आठवडे काय होईल, हे त्यांनी विचारले नाही, कारण ते त्यांचे काम नव्हते. ते माझे काम होते. कुंपणापाशी आमचे अध्यक्ष उभे होते, सकाळपासून राबलेले स्वयंसेवक उभे होते, गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या संघाची बस वाटेवर होती आणि बारमध्ये नेहमीच्या दुप्पट माल भरून ठेवलेला होता. मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर पंचांनी ते ऐकून घेतले असते, असे मला वाटते.

सामना आमच्या आठवणीतला सर्वोत्तम ठरला. ३११ प्रेक्षक आले. पूर्वार्धात आम्ही एका गोलने मागे पडलो. उत्तरार्धात प्रकाशझोत लागले, आमच्या उजव्या बगलेच्या खेळाडूने बरोबरी साधली आणि ८७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आमच्या मध्यरक्षकाने, जो सोमवारी सकाळी एका प्राथमिक शाळेत गणित शिकवतो, डोक्याने चेंडू आत घातला. सारे मैदान एका आवाजात ओरडले. अध्यक्षांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, हा विजय तुमचा आहे.

मी मात्र साठाव्या मिनिटापासून चेंडूकडे पाहिलेच नव्हते. पूर्वेच्या पट्ट्यात काय चालले आहे ते मला कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याइतके स्पष्ट दिसत होते. भातखाचरात लावणीआधी चिखलणी करतात, ती मातीची घडण मुद्दाम मोडण्यासाठी, म्हणजे पाणी खाली जात नाही आणि खाचरात उभे राहते. बावीस खेळाडूंच्या बुटांच्या स्टडनी नव्वद मिनिटे नेमके तेच केले. रात्री प्रकाशझोत चालू ठेवून मी आणि ते ज्येष्ठ सहकारी साडेनऊपर्यंत उखडलेले गवताचे तुकडे जागेवर बसवत होतो. ते बसवायला खाली मुळांना धरील अशी माती उरली नव्हती, नुसता लगदा होता. त्यांनी काही विचारले नाही. चाळीस वर्षे ते हे मैदान पाहत आले आहेत, त्यांना कळले असणारच.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. बुधवारी फक्त चार मिलिमीटर पाऊस पडला आणि पट्ट्यात पाणी साचले, जे शनिवारपूर्वी एवढ्याने कधीच साचले नसते. घरचे आणखी दोन सामने पुढे गेले, शेवटी ते भाडे भरून शेजारच्या गावातील कृत्रिम गवतावर खेळवावे लागले. उरलेले पाच आमच्या मैदानावर झाले. आमचा संघ जमिनीलगत छोटे पास देत खेळणारा आहे. आपल्याच घरात त्यांना चेंडू हवेतून मारावा लागला. पाचांपैकी एक जिंकलो, तीन बरोबरीत सुटले, एक हरलो. चौथ्या क्रमांकावर हंगाम संपला. तिसऱ्या संघापेक्षा एकच गुण कमी होता. तो मिळाला असता तर प्ले-ऑफची उपांत्य लढत घरी झाली असती. ती आम्ही बाहेर खेळलो आणि एका गोलने हरलो.

प्रशिक्षकांशी मी जूनमध्ये याविषयी मोकळेपणाने बोललो. ते म्हणाले की त्या शनिवारचे तीन गुण नसते तर आपण पहिल्या पाचांतही नसतो, आणि तोच सामना एप्रिलमध्ये थकलेल्या पायांनी आपण जिंकलो असतो याची खात्री कोणी द्यावी? त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण त्या पाच सामन्यांतल्या तीन बरोबऱ्याही मला विसरता येत नाहीत. दोन्ही हिशेब मी वहीत मांडून पाहिले आहेत. ते एकमेकांना छेदत नाहीत, आपापल्या जागी बरोबर राहतात. प्रेक्षकांपैकी कोणालाही यातले काही ठाऊक नाही. ‘कोरडे तर दिसते आहे, रद्द कशाला करता’ असे ते पूर्वीही म्हणत आणि आताही म्हणतात; मातीच्या आत काय आहे ते त्यांना दाखवण्याची कोणतीही सोय आम्ही केलेली नाही, त्यामुळे त्यांना दोष देणे मला पटत नाही.

मे महिन्यात पट्टा खरवडून वाळू आणि रायगवताचे बी टाकले. निचऱ्याच्या नळ्यांसाठीचा अर्ज या वेळी मी छायाचित्रांसह दिला आहे. अप्पांना व्हिडिओ कॉलवर सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी हार-जीत विचारली नाही. “वाळल्यावर फोडलंस का तसंच ठेवलंस?” एवढेच विचारले. मी म्हणालो, “अप्पा, हंगाम संपेपर्यंत फोडता येत नव्हतं.” ते गप्प राहिले, मग उसाच्या भरणीविषयी बोलू लागले.

परवा मी पुन्हा फोर्क घेऊन तिथे गेलो. पश्चिमेला तो वीस सेंटिमीटर आत गेला. पूर्वेच्या पट्ट्यात आठ सेंटिमीटरला अडला.