चौतीस नको, तीस

सायकलीची पुढची तीन चेनव्हीलं, म्हणजे पेडलजवळच्या दात्यांच्या चकत्या, काढून एकच बसवून द्या, असं सांगत बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात हल्ली बरीच पोरं येतात. कल्पना मला मनापासून पटते. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पुढचा डिरेलर, त्याची केबल, हँडलवरचा डावा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) सगळंच जातं आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या चिखलाला अडकून बसायला एक जागा कमी होते. पण चेनव्हील किती दात्यांचं घ्यायचं असं विचारलं, की बहुतेक जण मित्राच्या सायकलीकडे बोट दाखवतात.

त्या दिवशी येळ्ळूरचा एक तरुण आला. उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हीएमसी मशीन चालवतो. "मामा, पुढं ३४ आणि मागं ११-४२ बसवून सोडा की!" म्हणजे पुढे ३४ दात्यांचं एकच चेनव्हील, मागे ११ पासून ४२ दात्यांपर्यंतच्या चकत्या. त्याच्या ग्रुपमधल्या एकाची सायकल तशीच आहे म्हणे.

याच्या सायकलीला साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे ४४-३२-२२, मागे नऊ चकत्यांची ११-३४ कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच. मी आधी मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघितलं. स्वस्त सायकलींना आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं, त्या हबवर अशी मोठी कॅसेट चढतच नाही. याचं हब कॅसेटचं निघालं. मग म्हटलं, "पैसे नंतर दे. आधी राजहंसगडावर जाऊ."

नेहमीची पाठपिशवी घेऊन तो सायकलवर, मागोमाग मी स्कूटरवर. पुढे २२ वरच राहायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. गडाच्या खड्या वळणावर चेन मागच्या २६ च्या चकतीवर होती आणि तिथं त्याला पाय टेकावा लागला. परत खाली येऊन ३० ची चकती धरून चढला, तेव्हा न थांबता वर पोचला. कडेच्या ओल्या मातीतून चढवायला लावलं तर थेट ३४ लागली.

वर गेल्यावर मी खिशातली वही काढली. पुढचे दाते भागिले मागचे दाते. आकडा जितका लहान, तितका गिअर हलका. पाय टेकला ते २२ ला २६, म्हणजे ०.८५. वर आणलं ते २२ ला ३०, म्हणजे ०.७३. आणि त्याला हवं होतं ते ३४ ला ४२? ०.८१. पैसे खर्चून सगळ्यात हलका गिअर मिळणार तो पाय टेकला त्याच्या जवळचा. तो गप्पच झाला. मग वही ओढून घेऊन स्वतःच आकडे मांडायला लागला. ३० ला ४२ म्हणजे ०.७१, डांबरी चढाला पुरतं. पण ओल्या मातीतला २२ ला ३४, म्हणजे ०.६५, हवाच असेल तर ३० ला ४६. तेही ०.६५! पुढं जाऊन त्यानं आणखी एक गोष्ट शोधली. जुन्या सायकलीवर ४४ ला ३० आणि २२ ला १५ हे अगदी एकच. सत्तावीस गिअर म्हणून मिरवतात, त्यातले कितीतरी असे एकमेकांवर चढलेले असतात.

त्याच्या क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, चार बोल्टांच्या वर्तुळाचं माप १०४ मिलिमीटर. त्यात सहसा ३० च्या खाली जाता येत नाही, म्हणून ३० ठरलं. मागे दहा चकत्यांची ११-४६.

"पण सपाटीला स्पीड?" हा प्रश्न येणारच होता. पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ३० ला ११ वर ताशी साधारण ३२ किलोमीटर. धारवाडच्या हायवेवर ग्रुपबरोबर पळायचं असेल तर ते कमी पडतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "मला चोर्ल्याकडचं रान पाहिजे ओ, हायवे नको."

बसवताना शिफ्टर, चेन, चेन ताणून धरणारा क्लचवाला डिरेलर, सगळं दहा स्पीडचंच लागलं. चेनव्हील नॅरो-वाइड, एक दाता जाड, एक बारीक, म्हणजे खाचखळग्यांच्या रस्त्यावर चेन सहजी सुटत नाही. ते मधल्या चेनव्हीलच्या जागी बसवलं. बोल्ट आखूड घ्यावे लागतात. जुने लांब बोल्ट पूर्ण आवळले तरी चेनव्हील सैलच राहतं. चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या चेनव्हीलवरून आणि मागच्या ४६ वरून फिरवून मोजली, वर दोन कड्या जास्त ठेवल्या. डिरेलरचं वरचं चाक ४६ ला घासत होतं, ते बी-स्क्रूनं, म्हणजे डिरेलरचं हे अंतर ठरवणाऱ्या स्क्रूनं, दूर केलं. ३७ वरून ४६ वर जाताना पायाला मोठी उडी जाणवते. तेवढं सोसायची तयारी आहे का, हे मी ऑर्डर देण्याआधीच विचारलं होतं.

चेन मात्र ३२ च्या हिशेबानं कापली. माती वाळली की उन्हाळ्यात ३२ लावून बघायचं त्यानं आताच ठरवलंय.