अंगावर कपडे नसलेली बाग

ओस्लोत राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी फ्रॉग्नर पार्कात नेते. १२ नंबरची ट्राम फाटकापाशी सोडते, तिकीट नाही, बाग रात्रंदिवस उघडी. एक सूचना मात्र ट्राममध्येच देऊन ठेवावी लागते: आत गुस्ताव व्हिगेलांड या शिल्पकाराची दोनशेहून जास्त शिल्पं आहेत आणि जवळजवळ सगळी उघडी. स्वतःचा पुतळा करताना मात्र पठ्ठ्याने अंगात कामाचे कपडे चढवलेत!

सासरे पहिली पंधरा मिनिटं झाडंच बघत होते. आई पुतळ्यांपाशी थांबत गेली. पुलावर दोन्ही बाजूंना ब्राँझच्या ५८ मूर्ती आहेत: बापाच्या हातांवर नाचणारी पोरं, भांडणारी जोडपी, आणि एक गडी तर अंगाला लटकलेल्या चार बाळांना चक्क झटकतोय. पाय आपटणाऱ्या रागीट पोराभोवती कायम गर्दी असते. लोकांनी हात लावून लावून त्याची डावी मूठ पिवळी चकचकीत केली आहे.

कपडे आले की काळ आला, देश आला, आणि आपल्याकडे तर लगेच जातही आली. पुतळ्यांखाली नावंही नाहीत. त्यामुळे सांगलीहून आलेल्या बाईलाही त्यात शिरायला कुणी अडवत नाही. वर चढताना ग्रॅनाइटचे ३६ समूह लागतात. त्यातल्या एकात आई गुडघ्यांवर रांगतेय, पाठीवर दोन मुलं, आणि तिचीच वेणी लगामासारखी तिच्या तोंडात. आई तिथे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पोरं खूश दिसतायत. हिला विचारलं का कुणी?" मी विषय बदलला.

मधोमध सुमारे १४ मीटर उंचीचा, एकाच दगडातून कोरलेला स्तंभ आहे. त्यात १२१ माणसं एकमेकांना बिलगून वर सरकताहेत. मराठी माणसाला पहिल्यांदा दहीहंडीच आठवते, आणि इथेही सगळ्यात वर लहान मुलंच आहेत. पण खालचा थर बघा: ती माणसं निपचित पडलेली आहेत. ती मेलेली आहेत की दमलेली, हे शिल्पकाराने सांगितलेलं नाही. नमुना त्याचा, पण दगडावर छिन्नी चालवली तीन पाथरवटांनी, तब्बल चौदा वर्षं. १९४३ मध्ये व्हिगेलांड गेला तोवर काम जेमतेम उरकलं होतं.

सगळंच मला आवडतं असं नाही. टोकाला माणसांच्या कड्याचं 'जीवनचक्र' आहे, ते फार समजावून सांगितल्यासारखं वाटतं. कारंज्याभोवतीची झाडं बरी. त्यांच्या फांद्यांत बाळांपासून सांगाड्यापर्यंत सगळं आयुष्य अडकवलंय, आणि तिथून निघून परत बाळांपाशी यायला दोन मिनिटं पुरतात. युद्धानंतर काही टीकाकारांना या धिप्पाड देहांत नाझी कलेचा वास आला होता. पोटं सुटलेल्या, कातडी लोंबणाऱ्या त्या म्हाताऱ्यांकडे बघून मला तरी तो येत नाही.

इथले लोक मात्र अर्थबिर्थ शोधत बसत नाहीत. उन्हाळ्यात हिरवळीवर सॉसेज भाजतात, बाबागाड्या ढकलतात, बर्फ पडला की पोरं घसरगाड्या काढतात. त्या ३६ समूहांतलं प्रेतांच्या राशीचं शिल्प आणि सॉसेजचा धूर एकाच नजरेत. मृत्यूशेजारी बसून इतक्या निवांतपणे जेवणारी माणसं मी फक्त नदीच्या घाटावर पाहिली होती.

१९२१ मध्ये व्हिगेलांडने ओस्लो नगरपालिकेशी करार केला: तुम्ही मला स्टुडिओ आणि घर बांधून द्या, माझं सगळं काम तुमचं. शहराने दोन्ही बांधून दिलं. बागेशेजारच्या त्या स्टुडिओत आता संग्रहालय आहे आणि त्याच्या अस्थी तिथल्याच मनोऱ्यात ठेवल्या आहेत. सासऱ्यांना व्यवहार पसंत पडला. संग्रहालयाला मात्र तिकीट आहे म्हटल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले, आणि आम्ही दोघी आत गेलो.