कंटेनरमधली सुतारशाळा: वीज आली एकदाची

मागच्या वेळी खिडकी कापून झाली होती. त्यानंतरचे तीन रविवार वायरिंगने खाल्ले.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी: २० फुटी जुना कंटेनर, सासवडजवळ, मुरमाड माळावर. आत छोटं लेथ, टेबल सॉ, ड्रिल आणि दोन ट्यूब. घराच्या मेन बोर्डापासून २५ मीटर. ४ चौरस मिमीची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल अडीच फूट खोल चरातून आणली, वर वाळू आणि विटांचा थर. चर मीच खणला, त्यामुळे पाठीबद्दल विचारू नका. जोडण्या आमच्या परवानाधारक वायरमनकाकांनी केल्या. माझ्याकडे पाइप, भोकं आणि हमाली.

लाकडी शेडमध्ये वायर सोलली गेली तर एखादा बोर्ड बिघडेल. इथे भिंत, छत, दार, सगळंच लोखंड. फेज (वीज आणणारी तार) कुठेही टेकली की अख्खी खोली ‘जिवंत’. म्हणून आधी अर्थिंग. बाहेर तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकला आणि कंटेनरच्या चौकटीवर ग्राइंडरने रंग खरवडून लख्ख लोखंडावर लग (अर्थिंगच्या तारेच्या टोकाची धातूची कडी) आवळला. रंगावरच लग बसवला तर दिसायला अर्थिंग, कामाला शून्य. वर झिंक पेंट, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. दारांच्या बिजागऱ्यांत रंग आणि ग्रीस भरलेलं असतं, म्हणून दार आणि चौकट तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडली.

काकांच्या मीटरवर घराचं आणि इथलं अर्थिंग मिळून ४.२ ओहम आले. रोध जितका कमी तितकं चांगलं, म्हणून मी खूश. काका म्हणाले, “साहेब, हिशोब करा.” केला. फेज पत्र्याला टेकली तर जमिनीत किती करंट जाईल? २३० व्होल्ट भागिले ४.२, म्हणजे साधारण ५५ अँपिअर. आमच्याकडे पुरवठ्याचा न्यूट्रल (परतीची तार) आणि घराचं अर्थिंग कुठे जोडलेलं नाही, त्यामुळे करंटला जमिनीतूनच परत जावं लागतं. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर ५५ सुद्धा मिळणार नाहीत. आणि सी कर्व्ह प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे पत्र्यात करंट उतरलेला असताना ती काही सेकंद, कदाचित त्याहून जास्त, नुसती तापत बसणार. तेवढ्यात कुणी दाराच्या कडीला हात लावला तर?

म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. ती गेलेला आणि आलेला करंट यांतला फरक बघते, म्हणून एवढ्याशा गळतीलाही पडते. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही, त्यासाठी एमसीबी हव्यातच. मी एक कंटेनरमधल्या बाकी सगळ्यासाठी आणि एक फक्त लेथच्या प्लगला, अशा दोन घातल्या. उधळपट्टी वाटेल, पण ट्यूबमुळे लेथ बंद पडलेलं मला नको होतं.

वीज सोडण्याआधी मेगर (तारांच्या सालीचा रोध मोजणारं यंत्र) लावला, ५०० व्होल्टवर. ट्यूबची लाइन उत्तम. टेबल सॉची लाइन ०.३ मेगओहम, निदान १ तरी हवा. दोन तास शोधल्यावर सापडलं: लोखंडी बॉक्सच्या एका भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी कडी) घालायचं राहिलं होतं आणि कडेच्या धारेने न्यूट्रलची साल कापली होती. ग्रोमेटचं पाकीट माझ्याच खिशात होतं. काका काही बोलले नाहीत, फक्त चहा मागितला.

भिंतीत एकही स्क्रू आरपार मारलेला नाही, नाहीतर प्रत्येक भोक पावसाला आमंत्रण. आतून लाकडी पट्ट्या चिकटवून त्यांवर पीव्हीसी पाइप नेले. छतावरून काहीच नाही, कारण थंडीत पहाटे छताच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि टपकतं. केबल खालच्या अंगाने, ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुशमधून) आत येते.

शनिवारी ट्यूब लागल्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडली. पुन्हा चढवली, लेथ सुरू केलं आणि बाभळीचा एक ओंडका लावला. तो पहिल्याच फेरीत चिरला, ती कथा पुढच्या वेळी.